मायक्रोकंट्रोलरचे असेंब्ली प्रोग्रॅमिंग (छंद)

मायक्रोकंट्रोलरचे असेंब्ली प्रोग्रॅमिंग हा इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणन यांच्या सीमेवरील एक छंद आहे. यात अल्पमोली, साध्या मायक्रोकंट्रोलरसाठी (मराठीत सूक्ष्मनियंत्रक) थेट त्याच्या आज्ञासंचातील आज्ञा वापरून प्रोग्रॅम लिहिले जातात. असेंब्ली भाषेतील एक ओळ ही सामान्यतः यंत्राच्या एका आज्ञेइतकी असते. त्यामुळे प्रत्येक आज्ञा किती जागा व्यापते, किती वेळ घेते आणि कोणत्या रजिस्टरमध्ये काय बदल करते, हे शिकणाऱ्याला नेमके कळते.

महाराष्ट्रात या विषयाशी बहुतेकांची पहिली ओळख तंत्रनिकेतन किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातील ८०८५ व ८०५१ यांच्या अभ्यासक्रमातून होते. परीक्षेनंतर तो विषय सोडून देणारे अनेक असतात, तर काही जण तो छंद म्हणून पुढे चालवतात. लागणारे साहित्य थोडे व स्वस्त असल्याने आणि एकदा साधने उतरवून घेतल्यावर इंटरनेटची सतत गरज नसल्याने, नंदुरबारसारख्या महानगरांपासून दूरच्या जिल्ह्यांतही हा छंद जोपासता येतो.

## संकल्पना

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपवर सामावलेला छोटा संगणक होय. त्यात प्रक्रियक, प्रोग्रॅम साठवणारी स्मृती, तात्पुरत्या माहितीची स्मृती, टायमर आणि बाहेरच्या जगाशी जोडणारे पिन असतात. मायक्रोप्रोसेसरला स्मृती व इतर जोडण्या बाहेरून द्याव्या लागतात. मायक्रोकंट्रोलरला वीजपुरवठा आणि एक-दोन सुटे भाग पुरतात. धुलाई यंत्र, रिमोट, डिजिटल वीजमीटर, खेळणी, इन्व्हर्टर अशा असंख्य उपकरणांत तो असतो.

प्रक्रियकाला फक्त संख्या समजतात. प्रत्येक आज्ञेला एक ठरावीक संख्या असते व तिला ऑपकोड म्हणतात. माणसाला या संख्या लक्षात ठेवणे अवघड जात असल्याने प्रत्येक ऑपकोडला एक संक्षिप्त नाव दिलेले असते. अशा नावांत लिहिलेल्या प्रोग्रॅमचे संख्यांत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरला असेंब्लर म्हणतात. सी किंवा पायथनसारख्या उच्चस्तरीय भाषेतील एका वाक्यातून अनेक यंत्राज्ञा निर्माण होतात आणि त्या कोणत्या हे लिहिणाऱ्याला सहसा दिसत नाही. असेंब्लीत हा पडदा नसतो.

### संख्यापद्धती

असेंब्ली शिकताना द्विमान (दोन पायाची) आणि षोडशमान (सोळा पायाची) या संख्यापद्धती आवश्यक ठरतात. चार द्विमान अंकांचा एक षोडशमान अंक होतो. म्हणून आठ बिटांची कोणतीही संख्या दोन षोडशमान अंकांत लिहिता येते. सोळाच्या पटीत हिशेब करणे भारतीय व्यवहारात नवे नाही. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती लागू होण्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे होत असत आणि शेराचे सोळा छटाक. दोन रुपये पाच आणे म्हणजे एकूण सदतीस आणे. षोडशमान पद्धतीत लिहिलेली २५ ही संख्या दशमानात ३७ होते, ती याच हिशेबाने. निम, पाव, अदपाव, छटाक ही अर्ध्याअर्ध्याने होणारी विभागणी म्हणजे एकेक बिट उजवीकडे सरकवण्याचीच क्रिया आहे.

## इतिहास

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीचा चार बिटांचा टीएमएस१००० हा १९७४ मध्ये बाजारात आला. व्यापारी स्तरावर उपलब्ध झालेल्या पहिल्या मायक्रोकंट्रोलरांत त्याची गणना होते. इंटेलने १९७६ मध्ये ८०४८ आणि १९८० मध्ये ८०५१ सादर केला. ८०५१ ची रचना पुढे अनेक कंपन्यांनी स्वीकारली आणि चार दशकांनंतरही तिच्यावर आधारित चिप तयार होत आहेत.

आरंभीच्या चिपमध्ये प्रोग्रॅम कारखान्यातच कोरला जाई, किंवा अतिनील किरणांनी पुसावा लागे. त्यामुळे चूक दुरुस्त करणे खर्चिक व वेळखाऊ होते. १९९० च्या दशकात ही अडचण दूर झाली. मायक्रोचिपच्या पीआयसी१६सी८४ मधील प्रोग्रॅम विजेने पुसता येत असे. अॅटमेलने ८०५१ चीच रचना फ्लॅश स्मृतीसह एटी८९सी५१ या नावाने आणली. एकच चिप पुन्हा पुन्हा वापरता येऊ लागल्यावर मायक्रोकंट्रोलर हौशी लोकांच्या आवाक्यात आला. याच दशकात नॉर्वेतील ट्रोनहाइम येथील आल्फ-एगिल बोगेन व वेगार्ड वोलान या विद्यार्थ्यांच्या आराखड्यावरून अॅटमेलची एव्हीआर मालिका जन्मली. २००५ मध्ये इटलीतील इव्रिया येथे सुरू झालेल्या अर्डुइनो प्रकल्पाने हीच मालिका जगभरच्या शाळांत पोहोचवली. २०१६ मध्ये मायक्रोचिपने अॅटमेल विकत घेतली.

### भारतात व महाराष्ट्रात

भारतीय महाविद्यालयांत असेंब्ली रुजली ती इंटेलच्या ८०८५ या मायक्रोप्रोसेसरमुळे. प्रयोगशाळेतील प्रशिक्षण संचाला षोडशमान अंकांची कळफलक-पट्टी आणि सात-खंडी दर्शक असत. विद्यार्थी वहीत आज्ञा लिहीत, तक्त्यातून प्रत्येकीचा ऑपकोड शोधत आणि एकेक संख्या हाताने स्मृतीत भरत. या पद्धतीला हस्तजुळणी म्हणता येईल. अमेरिकेतील सिराक्यूज येथील ऑनोंडागा कम्युनिटी कॉलेजात अध्यापन केलेले रमेश गावकर यांचे ८०८५ वरील इंग्रजी पाठ्यपुस्तक १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि भारतातील विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी ते वापरले. १९६९ पासून दिल्लीहून निघणाऱ्या ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ या मासिकातील मंडल-आकृत्यांनी हौशी वाचकवर्ग घडवला.

सुट्या भागांसाठी मुंबईतील लॅमिंग्टन रोड (अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) आणि पुण्यात बुधवार पेठेतील पासोड्या विठोबाचा परिसर प्रसिद्ध आहेत. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या सहकार्याने फॅब लॅब सुरू झाली. ती अमेरिकेबाहेरील सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक होय. ग्रामीण भागातील तरुणांनी स्वतःच्या गरजेची इलेक्ट्रॉनिक साधने स्वतः बनवावीत, या विचाराचे ते महाराष्ट्रातील ठळक उदाहरण आहे.

## प्रचलित चिप

छंदासाठी चिप निवडताना किंमत, ब्रेडबोर्डवर बसणारे पिन, मोफत असेंब्लर आणि आज्ञासंचाचा साधेपणा हे निकष पाहिले जातात.

| चिप | रचना | प्रोग्रॅम स्मृती | कार्यकारी स्मृती | आदान-प्रदान पिन |
|---|---|---|---|---|
| एटी८९एस५२ | ८०५१, ८ बिट | ८ किलोबाइट | २५६ बाइट | ३२ |
| पीआयसी१६एफ८४ए | पीआयसी, ८ बिट | १,०२४ शब्द | ६८ बाइट | १३ |
| एटीटायनी१३ए | एव्हीआर, ८ बिट | १ किलोबाइट | ६४ बाइट | ६ |
| एटीमेगा३२८पी | एव्हीआर, ८ बिट | ३२ किलोबाइट | २ किलोबाइट | २३ |
| सीएच३२व्ही००३ | रिस्क-फाइव्ह, ३२ बिट | १६ किलोबाइट | २ किलोबाइट | कमाल १८ |

८०५१ मध्ये १११ आज्ञा आहेत. त्यातील एकेक बिट स्वतंत्रपणे हाताळणाऱ्या आज्ञा दिवे, बटणे व रिले यांसाठी विशेष सोयीच्या आहेत. मूळ रचनेत एका यंत्रचक्राला घड्याळाचे १२ ठोके लागतात. म्हणून १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक लावल्यास एक यंत्रचक्र बरोबर १ मायक्रोसेकंदाचे होते. हा सरळ हिशेब नवशिक्याला मोलाचा ठरतो.

पीआयसी१६ मालिकेत केवळ ३५ आज्ञा आहेत. त्या दोन दिवसांत पाठ होतात. मात्र स्मृती भागांत विभागलेली असल्याने योग्य भाग निवडण्याचे भान सतत ठेवावे लागते.

एव्हीआर मध्ये ३२ रजिस्टर आहेत आणि बहुतेक आज्ञा एका ठोक्यात पूर्ण होतात. अर्डुइनो उनो या पाटीवरील एटीमेगा३२८पी याच कुटुंबातला असल्याने, शाळेत आधीच असलेल्या पाटीवरही असेंब्ली शिकता येते.

सीएच३२व्ही००३ या चिनी चिपची किंमत २०२२ मध्ये सादर होताना सुमारे १० अमेरिकी सेंट सांगितली गेली. तिचा आज्ञासंच रिस्क-फाइव्ह या मुक्त मानकावर आधारलेला आहे. भारतात मद्रासच्या आयआयटीचा ‘शक्ती’ आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेचा ‘वेगा’ हे प्रक्रियक याच मानकावर विकसित झाले आहेत. त्यामुळे दहा सेंटच्या चिपवर शिकलेला आज्ञासंच भारतीय प्रक्रियकांच्या अभ्यासातही उपयोगी पडतो.

## लागणारे साहित्य

किमान साहित्य असे: एक चिप, ब्रेडबोर्ड, ५ व्होल्टचा पुरवठा (जुना मोबाइल चार्जर चालतो), काही एलईडी, ३३० ओहम ते १० किलोओहमचे रोधक, बटणे, स्फटिक आणि चिपमध्ये प्रोग्रॅम भरणारा प्रोग्रॅमर. एव्हीआर आणि एटी८९एस मालिकेसाठी यूएसबीएएसपी हा मुक्त आराखड्याचा स्वस्त प्रोग्रॅमर लोकप्रिय आहे. अर्डुइनो उनो पाटीलाही दुसऱ्या चिपचा प्रोग्रॅमर म्हणून वापरता येते.

संगणक जुना असला तरी चालतो. असेंब्लर आकाराने लहान असतात आणि इंटरनेटशिवाय काम करतात. चिप हाती येण्यापूर्वी एडसिम५१ सारख्या सिम्युलेटरवर प्रोग्रॅम एकेक आज्ञा करत चालवून रजिस्टरमधील बदल पाहता येतात. चौथे अत्यावश्यक साधन म्हणजे चिपची माहितीपत्रिका. तिच्यातील आज्ञांचा तक्ता आणि विद्युत मर्यादांचे पान छापून जवळ ठेवण्याची पद्धत आहे.

## पहिला प्रोग्रॅम : दिव्याची उघडझाप

शिकण्याची सुरुवात बहुधा एक एलईडी ठरावीक वेळाने चालू-बंद करण्यापासून होते. पुढील उदाहरण ८०५१ साठी आहे. आज्ञा येथे उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन लिपीत लिहितात. अर्धविरामानंतरचा मजकूर ही टीप असते व असेंब्लर ती सोडून देतो.

    सुरुवात: सीपीएल पी१.० ; दिव्याची स्थिती उलटी करा
             एकॉल विलंब ; थांबा
             एसजेएमपी सुरुवात ; पुन्हा तेच
    विलंब:   मूव्ह आर७, #५
    बाहेर:   मूव्ह आर६, #२००
    मध्ये:    मूव्ह आर५, #२५०
    आत:     डीजेएनझेड आर५, आत
             डीजेएनझेड आर६, मध्ये
             डीजेएनझेड आर७, बाहेर
             आरईटी

यातील ‘सीपीएल’ बिट उलटा करते, ‘एकॉल’ उपकार्यक्रम बोलावते आणि ‘आरईटी’ तिथून परत आणते. ‘डीजेएनझेड’ ही आज्ञा रजिस्टरमधून एक वजा करते आणि उत्तर शून्य नसेल तर सांगितलेल्या जागी उडी मारते. संपूर्ण प्रोग्रॅम अवघा १९ बाइटचा आहे.

### वेळेचा हिशेब

१२ मेगाहर्ट्झच्या स्फटिकावर ‘मूव्ह’ला १ मायक्रोसेकंद आणि ‘डीजेएनझेड’ला २ मायक्रोसेकंद लागतात.

* सर्वांत आतले आवर्तन : २५० × २ = ५०० मायक्रोसेकंद.
* मधले आवर्तन : प्रत्येक फेरीस १ + ५०० + २ = ५०३; अशा २०० फेऱ्या म्हणजे १,००,६००.
* बाहेरचे आवर्तन : प्रत्येक फेरीस १ + १,००,६०० + २ = १,००,६०३; अशा ५ फेऱ्या म्हणजे ५,०३,०१५.
* पहिली ‘मूव्ह’ (१), ‘आरईटी’ (२), ‘एकॉल’ (२), ‘सीपीएल’ (१) आणि ‘एसजेएमपी’ (२) मिळून आणखी ८.

दोन उघडझापींमधील एकूण अंतर ५,०३,०२३ मायक्रोसेकंद, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून ३,०२३ मायक्रोसेकंद जास्त आहे. डोळ्याला हा फरक जाणवत नाही. पण याच विलंबावर कोणी घड्याळ बांधले, तर ते दिवसाला सुमारे ८ मिनिटे ४० सेकंद मागे पडेल. २५० च्या जागी २४८ घातल्यास अंतर ४,९९,०२३ मायक्रोसेकंद होते आणि उरलेले ९७७ मायक्रोसेकंद आणखी एका छोट्या आवर्तनाने भरता येतात. बिनचूक मार्ग मात्र टायमरचा आहे. आठ बिटांचा टायमर ६ पासून मोजायला लावल्यास तो दर २५० मायक्रोसेकंदांनी भरून वाहतो आणि आपोआप पुन्हा ६ पासून सुरू होतो. असे ४,००० वेळा झाले की एक सेकंद. मग चूक उरते ती फक्त स्फटिकाची, आणि ती २० दशलक्षांश असेल तर दिवसाला पावणेदोन सेकंदांच्या आसपास राहते.

कागदावर केलेला हिशेब आणि टेबलावर दिसणारे वर्तन यांचा असा तंतोतंत मेळ बसणे, हे या छंदाचे मुख्य आकर्षण मानले जाते.

## शिकण्याचा क्रम

उघडझापीनंतर साधारणतः पुढील टप्पे येतात.

1. बटण वाचणे. यांत्रिक बटण दाबताना त्याचे संपर्क काही मिलिसेकंद थरथरतात. प्रक्रियक इतका वेगवान असतो की त्याला एक दाब अनेक दाबांसारखा भासतो. म्हणून थोडे थांबून पुन्हा वाचावे लागते.
2. सात-खंडी दर्शक. अंकांच्या आकृत्या तक्त्यात साठवून त्या क्रमाने बाहेर पाठवायच्या असतात. येथे तक्ता व अप्रत्यक्ष पत्ता या कल्पना समजतात.
3. स्टॅक. मराठीत याला चळत म्हणतात. ताटांच्या चळतीत शेवटी ठेवलेले ताट जसे आधी उचलले जाते, तसेच शेवटी ठेवलेला पत्ता आधी परत मिळतो.
4. इंटरप्ट (व्यत्यय). चालू काम मध्येच थांबवून तातडीचे काम करणे व पुन्हा पहिल्या जागी येणे. यात मूळ कामाची रजिस्टरे जशीच्या तशी परत देणे ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची जबाबदारी असते.
5. क्रमिक संदेशवहन. संगणकाशी एकेका बिटाने बोलणे. ८०५१ सोबत ११.०५९२ मेगाहर्ट्झ असा विचित्र वाटणारा स्फटिक दिसतो तो याचसाठी. त्याला टायमरच्या पूर्णांकाने भागून ९,६०० बिट प्रतिसेकंद हा वेग बिनचूक मिळतो.

## नेहमीच्या चुका

* ८०५१ चा ३१ क्रमांकाचा पिन मोकळा सोडणे. तो ५ व्होल्टला जोडला नाही, तर चिप आतील प्रोग्रॅम चालवेलच याची खात्री नसते.
* एलईडी उलट्या पद्धतीने जोडणे. ८०५१ चे पिन वीज आत ओढू शकतात, पण बाहेर फारच थोडी देऊ शकतात. त्यामुळे एलईडी पुरवठा व पिन यांच्या मध्ये, रोधकासह जोडतात आणि पिनवर शून्य लिहिल्यावर तो पेटतो. शून्य क्रमांकाच्या पोर्टला तर बाहेरून रोधकही द्यावे लागतात.
* चळतीची सुरुवात न बदलणे. ८०५१ सुरू होताना चळत रजिस्टरांच्या दुसऱ्या संचावरच वाढू लागते. तो संच वापरणाऱ्या प्रोग्रॅममध्ये यामुळे कारण न कळणाऱ्या चुका होतात.
* एव्हीआरमध्ये कोणत्याही रजिस्टरात थेट संख्या भरू पाहणे. ही सोय फक्त १६ ते ३१ क्रमांकांच्या रजिस्टरांना आहे.
* एव्हीआरचे फ्यूज बिट चुकवणे. घड्याळाचा चुकीचा स्रोत निवडल्यास चिप निकामी झाल्यासारखी वाटते. बाहेरून योग्य घड्याळ दिल्यास ती बहुधा पुन्हा बोलू लागते.
* प्रोग्रॅमरचा वेग जास्त ठेवणे. एटीटायनी१३ कारखान्यातून १.२ मेगाहर्ट्झवर येते. प्रोग्रॅम भरण्याचा वेग त्याच्या चौथ्या भागापेक्षा कमी लागतो.

### रिले आणि पाण्याची मोटर

पाण्याची टाकी भरल्यावर मोटर बंद करणारे साधन हा ग्रामीण भागातील हौशी लोकांचा आवडता प्रकल्प आहे. त्यात एक धोका दडलेला असतो. ८०५१ ला वीज मिळताच, प्रोग्रॅमची पहिली आज्ञा चालण्यापूर्वीच, त्याचे सर्व पोर्ट उच्च स्थितीत जातात. रिलेचा ट्रान्झिस्टर उच्च स्थितीत चालू होणारा असेल, तर भारनियमनानंतर वीज आल्याबरोबर मोटर क्षणभर सुरू होऊ शकते. त्या वेळी विहिरीत किंवा मोटरजवळ माणूस काम करीत असेल, तर हा क्षण जीवघेणा ठरू शकतो. प्रोग्रॅममध्ये कितीही काळजी घेतली तरी ही चूक सुधारत नाही; मंडलच असे रचावे लागते की शून्य लिहिल्याशिवाय रिले ओढला जाणार नाही. २३० व्होल्टची एकफेज किंवा ४१५ व्होल्टची तीनफेज जोडणी परवानाधारक वीजतंत्रीकडूनच करून घ्यावी आणि शिकण्याचा टप्पा एलईडी व ५ व्होल्टच्या छोट्या मोटरवरच पुरा करावा, असा दंडक आहे.

## नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी हे त्याचे सहा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १६,४८,२९५ होती व तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण दोन-तृतीयांशांहून अधिक होते. सातपुड्यातील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांत वीज आणि इंटरनेट यांची उपलब्धता सपाटीवरील भागापेक्षा विरळ आहे.

जिल्ह्यात तंत्रशिक्षणाची सोय नंदुरबार येथील शासकीय तंत्रनिकेतन, शहादा येथील डी. एन. पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून होते. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या इलेक्ट्रॉनिक्स पदविकेत ८०५१ वर आधारित मायक्रोकंट्रोलर हा विषय असून त्यात असेंब्लीची प्रात्यक्षिके असतात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल नवोन्मेष अभियानांतर्गत सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी देशभरातील शाळांना अटल टिंकरिंग प्रयोगशाळा मंजूर होतात व त्यांत अर्डुइनो प्रकारच्या पाट्या असतात. मुंबईच्या आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प तंत्रविषयक पाठ मराठीसह भारतीय भाषांत उपलब्ध करतो; त्याच्या अर्डुइनोविषयक मालिकेत असेंब्लीचाही समावेश आहे. हे पाठ उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय पाहता येतात.

सुटे भाग स्थानिक दुकानांत मर्यादित मिळतात. नंदुरबार हे सुरत–भुसावळ लोहमार्गावरील स्थानक असल्याने सुरतची बाजारपेठ मुंबई-पुण्यापेक्षा जवळ पडते. याशिवाय भाग टपालाने मागवले जातात. निकामी इन्व्हर्टर, चार्जर आणि दूरचित्रवाणी संचांतून रोधक, ट्रान्झिस्टर व रिले काढून घेणे ही सर्वांत स्वस्त सोय आहे.

### भाषेचा प्रश्न

जिल्ह्यातील अनेक मुलांची घरची बोली भिली, पावरी, मावची, अहिराणी किंवा गुजरी असते. त्यांच्यासाठी शाळेतील प्रमाण मराठी हीच वेगळी भाषा असते आणि माहितीपत्रिकांची इंग्रजी त्याही पलीकडची. या दृष्टीने असेंब्लीची एक बाजू अनुकूल आहे. पीआयसीच्या ३५ संक्षिप्त नावांमागचे इंग्रजी व्याकरण कळण्याची गरज नसते. प्रत्येक नाव हे एक चिन्ह म्हणून शिकता येते, आणि त्याचा अर्थ रजिस्टरात काय बदलले हे पाहून पक्का होतो. लेबलांची नावे लिहिणारा स्वतः ठरवतो. ती ‘दिवा’, ‘विलंब’, ‘मोटर’ अशी आपल्या बोलीतली, रोमन लिपीत ठेवता येतात. टिपाही आपल्या भाषेत लिहिता येतात. अडचण उरते ती माहितीपत्रिका वाचण्याची. शेकडो पानांची ही इंग्रजी पत्रिका शिक्षकाच्या किंवा अनुभवी सोबत्याच्या मदतीने, तक्त्यांपासून सुरुवात करून वाचावी लागते. मराठीत या विषयावरील साहित्य मुख्यत्वे परीक्षाभिमुख टिपांच्या स्वरूपात आहे.

### स्थानिक उपयोगाची उदाहरणे

नंदुरबारची बाजारपेठ मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. ओली लाल मिरची मोकळ्या जागेत पथाऱ्यांवर पसरून वाळवली जाते आणि अवकाळी पावसाने तिचे मोठे नुकसान होते. थोड्या अंतरावर ठेवलेल्या दोन तारांमध्ये थेंब पडताच वीज वाहू लागते. ते ओळखून भोंगा वाजवणारे पाऊस-सूचक यंत्र एटीटायनी१३ वर काही डझन आज्ञांत बसते. रात्री राखणदाराला जागे करण्यापुरता त्याचा उपयोग होतो, पथारी झाकण्याचे काम माणसांनाच करावे लागते. टाकीची पातळी दाखवणारे दिवे, वर्गातील घंटेचे वेळापत्रक आणि वीज गेल्याची-आल्याची नोंद ठेवणारा मोजक ही याच आवाक्यातील अन्य उदाहरणे होत. अशा साधनांत चिप बहुतांश वेळ निद्रावस्थेत ठेवता येते. त्या अवस्थेत ती काही मायक्रोअॅम्पिअर इतकीच वीज घेत असल्याने बाहेरचे मंडलही काटकसरीचे असल्यास साध्या विद्युतघटांवर दीर्घकाळ चालते.

## मर्यादा व मतभेद

असेंब्ली शिकावी की नाही, याविषयी शिक्षकांत मतभेद आहेत. विरोधकांच्या मते उद्योगात मायक्रोकंट्रोलरचे बहुतेक काम सी भाषेत होते. आधुनिक कंपायलर अनेकदा माणसाइतक्याच काटकसरीने आज्ञा निवडतात. आणि एका कुटुंबाची असेंब्ली दुसऱ्या कुटुंबावर चालत नाही. मोठा प्रोग्रॅम असेंब्लीत लिहिणे कष्टाचे असते व दुसऱ्याला तो वाचणेही जड जाते. ८०५१ सारखी १९८० ची रचना अजून शिकवावी का, हाही प्रश्न विचारला जातो.

समर्थकांचे म्हणणे असे की असेंब्ली ही नोकरीसाठी नव्हे, तर समजुतीसाठी शिकायची असते. सी भाषेतील पॉइंटर, चळत ओसंडून वाहणे, व्यत्ययातील चुका हे सगळे ज्याने खालून पाहिले आहे त्याला लवकर उमगते. अतिशय लहान स्मृतीच्या चिप, एकेका ठोक्याला महत्त्व असलेली कामे आणि तयार यंत्राज्ञा वाचून दोष शोधणे यांसाठी आजही असेंब्ली लागते. २०२१ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय पिको या पाटीवरील आरपी२०४० चिपमध्ये पिन हाताळणारी छोटी स्वतंत्र यंत्रे आहेत. त्यांचा आज्ञासंच अवघ्या नऊ आज्ञांचा असून तो त्यांच्या असेंब्लीतच लिहिला जातो.

महाविद्यालयीन शिक्षणातील अडचण वेगळी आहे. ठरावीक प्रात्यक्षिके पाठ करून वहीत उतरवली, तर असेंब्ली हा केवळ पाठांतराचा विषय ठरतो. छंद म्हणून शिकणाऱ्याला गुण मिळत नाहीत, पण दिवा पेटला नाही तर तो का पेटला नाही, हे शोधण्यापासून सुटकाही नसते.

## हे सुद्धा पहा

* मायक्रोप्रोसेसर
* यंत्रभाषा
* अर्डुइनो
* विज्ञान आश्रम, पाबळ
* नंदुरबार जिल्हा